स्टॉकहोमची गायिका जेनी लिंड

येत्या २२ नोव्हेंबरला संगीतकारांच्या आश्रयदात्या संत सिसिलिया ह्यांचा सण आहे. ह्या निमित्ताने आपल्या गायकवृंदासाठी चार ओळी लिहाव्यात असे आम्हाला सुचवण्यात आले. संत सिसिलियांचे चरित्र आपण प्रवचनात अनेकदा ऐकले आहे. म्हणून ह्या वेळी आम्ही अशा एका गायिकेविषयी लिहीत आहोत जी संत नव्हती आणि आपल्या कॅथलिक पंथाचीही नव्हती. ती लुथरन होती. तिचा मृत्यू मात्र २ नोव्हेंबरला झाला, म्हणजे ज्या दिवशी आपण मेणबत्त्या व फुले घेऊन दफनभूमीत जातो त्या दिवशी.

आणखी एक कारण आहे आणि ते जरा घरगुती आहे. एका वर्षी पुनरुत्थान जागरणाच्या रात्री घसा बसलेला असतानाही पास्काच्या मेणबत्तीसमोरची ती लांबलचक घोषणा आम्ही हट्टाने पूर्ण गायलो. दुसऱ्या दिवशी तोंडातून नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी बारा दिवस बोलायचेच नाही म्हणून बजावले. प्रवचन न करणारा धर्मगुरू पाहून काही भाविकांना आनंदही झाला असेल! आम्हाला मात्र ते बारा दिवस फार जड गेले. तेव्हा वाचायला हाती आले ते जेनी लिंडचे चरित्र. तिला बारा दिवस नव्हे, सहा आठवडे गप्प बसावे लागले होते. आणि तिचे तर सारे आयुष्यच गळ्यावर उभे होते.

जेनीचा जन्म ६ ऑक्टोबर १८२० रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे झाला. वडील हिशेबनीस, आई घरीच मुलींची शाळा चालवी. दोघांचे लग्न झालेले नव्हते. आईने पहिल्या नवऱ्यापासून त्याच्या व्यभिचारामुळे घटस्फोट घेतला होता. परंतु तो जिवंत असेपर्यंत दुसरे लग्न करणे तिच्या धार्मिक मनाला पटत नव्हते. तो १८३४ साली वारला आणि मग जेनीच्या आईवडिलांचे रीतसर लग्न झाले. तेव्हा जेनी चौदा वर्षांची होती. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण अशा घरातल्या मुलाला लोक काय काय ऐकवतात हे आपल्याला काही नवीन नाही. आईचा स्वभावही कडक होता. लहानपणीची काही वर्षे जेनी शहराबाहेर दुसऱ्या कुटुंबात वाढली. त्या घरचा कर्ता पुरुष चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे.

नऊ वर्षांची असताना ती खिडकीत बसून आपल्या मांजरीला गाणी म्हणून दाखवीत असे. रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोलकरणीने ते ऐकले. ही बाई राजेशाही नाट्यगृहातल्या मुख्य नर्तकीकडे कामाला होती. तिने घरी जाऊन मालकिणीला सांगितले, मालकिणीने मुलीला बोलावून घेतले आणि थेट नाट्यगृहाच्या गायनशिक्षकापुढे उभे केले. नियमात न बसणारे वय असूनही जेनीला नाट्यशाळेत घेतले गेले, राहण्याजेवण्याचा खर्चही नाट्यगृहाने उचलला. त्या मोलकरणीचे नाव चरित्रांत सापडत नाही. ती घाईत असती तर पुढचे काहीच घडले नसते.

७ मार्च १८३८ रोजी वेबर ह्यांच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ ह्या ऑपेरात तिने पहिली मोठी भूमिका केली. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊ, फरक इतकाच की त्यात बहुतेक सगळेच गाऊन सांगायचे असते. शिवाय त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. पन्नास-साठ वाद्यांच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गळ्यानेच पोहोचवायचा. जेनीचा आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजातला सर्वांत उंच. दोन वर्षांत ती राजदरबारची गायिका झाली, स्वीडनच्या संगीत अकादमीची सदस्यही झाली. वय अवघे वीस.

आणि तेथेच गाडी अडली. वर्षानुवर्षे खेळांमागून खेळ, पुरेशी विश्रांती नाही आणि मुख्य म्हणजे श्वास कसा घ्यावा, आवाज कोठून काढावा ह्याचे पक्के शिक्षण नाही. मधल्या पट्टीतले सूर घोगरे होऊ लागले, वरचे सूर दमू लागले. स्टॉकहोमचे प्रेक्षक तरीही टाळ्या वाजवीतच होते. टाळ्या वाजत असताना आपले काहीतरी बिघडले आहे हे ओळखणे सोपे नसते. जेनीने ते ओळखले. स्वीडनच्या गावोगावी मैफली करून तिने पैसे साठवले आणि १८४१ च्या उन्हाळ्यात ती पॅरिसला मानुएल गार्सिया ह्यांच्याकडे गेली.

गार्सिया हे त्या काळचे सर्वांत नावाजलेले गायनशिक्षक. तिने त्यांच्यापुढे ‘लुचिया’ ऑपेरातले गाणे म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच आवाज फुटला. गार्सियांनी स्पष्टच सांगितले की शिकवण्यात अर्थ नाही, कारण शिकवण्यासाठी आवाजच उरलेला नाही. तिला रडू कोसळले. मग त्यांनी एक अट घातली. सहा आठवडे गायचे नाही, एकही सूर काढायचा नाही, बोलायचेही शक्य तितके कमी. त्यानंतर यावे, मग पाहू.

परक्या शहरात एकटी, हातात बेताचे पैसे, आणि ज्या एका गोष्टीसाठी आपण जन्मलो असे वाटते तीच करायची बंदी. ह्या सहा आठवड्यांत तिने फ्रेंच आणि इटालियन भाषा घोटल्या. मुदत संपल्यावर ती पुन्हा गेली. गळा थोडा सावरला होता. आठवड्यातून दोन धडे सुरू झाले, आणि तेही अगदी पहिल्या इयत्तेपासून. श्वास, मग एकेक सूर, मग संथ स्वरमालिका वर आणि खाली. कालपर्यंत राजापुढे गाणारी बाई सा रे ग म ला बसली होती. असे सुमारे दहा महिने.

गार्सियांविषयी थोडे अधिक सांगायला हवे. गाणे म्हणजे केवळ देणगी नव्हे, त्याच्यामागे शरीराची रचना आहे आणि ती समजून घेता येते, असे ते मानत. पुढे १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत टाकला आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल डोळ्यांनी पाहिली. आज कान-नाक-घशाचे डॉक्टर आपला घसा आरशाने तपासतात त्याचे मूळ तेथे आहे. हे गृहस्थ १०१ वर्षे जगले. जेनीला त्यांच्याविषयी कृतज्ञता होतीच. पण पुढे तिने असेही लिहून ठेवले की गार्सियांनी आपल्याला थोड्याच पण महत्त्वाच्या गोष्टी शिकवल्या आणि बाकीचे आपण अपार कष्टाने स्वतः मिळवले. आम्हाला हे थोडे कोरडे वाटते. तरी विचार केला तर खरेही असेल. गुरू दार उघडून देतो, आत चालत आपणच जायचे असते.

१८४२ च्या ऑक्टोबरमध्ये ती स्टॉकहोमला परतली आणि ‘नोर्मा’ गायली तेव्हा लोकांना वाटले, ही दुसरीच कोणी आहे. पुढची सात वर्षे भराभर सांगता येतील. कोपनहेगनला परीकथांचे लेखक हान्स अँडरसन तिच्या प्रेमात पडले. तिने त्यांना भाऊ मानले. त्यांची १८४३ मधली बुलबुलाची गोष्ट तिच्यावरूनच सुचली असे मानतात. आपल्या मुलांनी ती वाचलीही असेल. मग बर्लिन, लायप्झिग, व्हिएन्ना. ४ मे १८४७ रोजी लंडनचा पहिला खेळ झाला, त्याला स्वतः राणी व्हिक्टोरिया हजर होती. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हेर्दी ह्यांच्या नव्या ऑपेरातली नायिका तिने प्रथम उभी केली. ह्या धावपळीत लंडनच्या एका नाट्यगृहाशी केलेला करार तिने मोडला आणि त्याची भरपाई म्हणून २,५०० पौंड मोजावे लागले, हेही नमूद केले पाहिजे.

ह्या वर्षांतली तिची सर्वांत मोलाची मैत्री संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन ह्यांच्याशी होती. दोघेही श्रद्धाळू, दोघेही कामाच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. १८४५ च्या डिसेंबरात लायप्झिगला ती त्यांच्या वाद्यवृंदासोबत गायली आणि दुसऱ्या दिवशी वादकांच्या विधवांसाठीच्या निधीकरिता पुन्हा गायली. संदेष्टा एलीया ह्याच्या जीवनावर मेंडेल्सोन जे मोठे संगीतकाव्य रचीत होते, त्यातला स्त्रीस्वर त्यांनी जेनीचा आवाज कानात ठेवून लिहिला. १८४६ साली बर्मिंगहॅमला ते प्रथम सादर झाले तेव्हा ती तेथे नव्हती. पुढच्या वर्षी ४ नोव्हेंबरला मेंडेल्सोन वयाच्या ३८ व्या वर्षी गेले. जेनी इतकी खचली की बराच काळ त्यांची गीते तिच्याने गाववेनात. १५ डिसेंबर १८४८ रोजी लंडनला ती प्रथमच ‘एलीया’ गायली. त्या दिवशी जमलेल्या पैशातून मेंडेल्सोन ह्यांच्या नावे तरुण संगीतकारांसाठी शिष्यवृत्ती सुरू करण्यात आली.

पाच महिन्यांनी, १० मे १८४९ रोजी, तिने ऑपेराचा शेवटचा खेळ केला आणि रंगभूमी कायमची सोडली. वय २८. आवाज उत्तम, मागणी प्रचंड.

लोकांना हे कोडे वाटले, आजही वाटते. नॉर्विचचे अँग्लिकन बिशप स्टॅन्ली ह्यांच्या घरी ती राहिली होती, त्यांनी तिचे मन वळवले असे कोणी म्हणतात. लग्नाचे विचार चालू होते असे कोणी म्हणतात. तिच्या चरित्रात एक प्रसंग आहे. काही काळानंतर एक मैत्रीण तिला समुद्रकिनारी भेटली. जेनी वाळूत बसली होती, मांडीवर बायबल होते आणि समोर सूर्य मावळत होता. ऐन भरात रंगभूमी का सोडली असे मैत्रिणीने विचारले. जेनीने बायबलकडे बोट दाखवून सांगितले की दिवसेंदिवस ह्याची आठवण कमी होऊ लागली होती, आणि सूर्यास्ताकडे पाहून म्हणाली की त्याची तर मुळीच येईनाशी झाली होती. मग दुसरे काय करायचे होते, असे तिचे म्हणणे.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत असताना संत अगस्तीन ह्यांच्या कबुलीजबाबातले एक प्रकरण वर्गात बरेच चर्चेत होते. चर्चमधले गायन ऐकताना गाण्याच्या अर्थापेक्षा स्वराचाच मोह आपल्याला जास्त पडतो आहे, असे त्यांना जाणवे आणि ते अपराध समजून अस्वस्थ होत. मात्र गायन बंद करावे असे ते म्हणत नाहीत. त्याच गायनाने आपण रडलो होतो हेही त्यांना आठवते. ते मधल्या जागी उभे राहतात. जेनीचे दुखणे जवळजवळ तेच होते. म्हणूनच तिने गाणे सोडले नाही, नाट्यगृह सोडले. रंगभूमी स्वतः वाईट असते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या धर्मग्रामातले नाताळचे नाटक बंद पडावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. वाईट होते ते तिच्यापुरते, आणि ते तिला स्वतःला ठाऊक होते.

ह्यानंतर तिने जे केले ते मात्र ह्या कथेत सहज बसत नाही. जिला गाजावाजा नको होता ती अमेरिकेला गेली, आणि कोणाबरोबर? बार्नमबरोबर, जो विचित्र प्राणी आणि बुटक्या माणसांची प्रदर्शने भरवून श्रीमंत झाला होता! त्याने तिचे गाणे कधी ऐकलेही नव्हते. दर मैफलीला एक हजार डॉलर आणि सारा खर्च असा करार ठरला, १,८७,५०० डॉलर आगाऊ जमा करायचे. बार्नमने मालमत्ता गहाण टाकली. त्याने स्वतः सांगितलेल्या हकिकतीनुसार शेवटचे पाच हजार डॉलर एका पाळकाने उसने दिले, कारण ही बाई अमेरिकेच्या नीतिमत्तेला उपकारक ठरेल असे त्या पाळकाला वाटले. धर्मगुरूंच्या गुंतवणुकीचे हे एक फायदेशीर उदाहरण!

१ सप्टेंबर १८५० रोजी बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा धक्क्यावर हजारोंची गर्दी होती. तिकिटांचा लिलाव झाला. पहिले तिकीट एका टोपीविक्रेत्याने २२५ डॉलरला घेतले आणि त्या जाहिरातीवर भरपूर टोप्या विकल्या. जेनी लिंड हातमोजे निघाले, जेनी लिंड पलंग निघाले. ११ सप्टेंबरच्या पहिल्या मैफलीतला आपला सुमारे दहा हजार डॉलरचा वाटा तिने न्यूयॉर्कमधल्या धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. बार्नमला तर हेही जाहिरातीला उपयोगी पडले. तिला त्याचा वीट आला आणि १८५१ मध्ये दंड भरून ती करारातून मोकळी झाली. पुढे स्वतःच्या जबाबदारीवर मैफली करत राहिली. बार्नमबरोबरच्या मैफलींतून तिला सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाले. स्वीडनमधल्या गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायच्या, हा हेतू धरूनच ती अमेरिकेला निघाली होती, आणि पैशाचा मोठा भाग तिने दानधर्मातच घातला.

एक गोष्ट मात्र खटकते. ती दक्षिणेकडच्या शहरांतही गायली, जेथे बाजारात माणसे विकली जात होती. गुलामगिरीविरुद्ध तिने जाहीरपणे बोलावे अशी अनेकांची अपेक्षा होती. ती बोलली नाही. परदेशी पाहुणीने यजमानांच्या भांडणात पडू नये असे तिला वाटले असेल. आम्हाला ते पुरेसे कारण वाटत नाही.

५ फेब्रुवारी १८५२ रोजी बोस्टनला तिने ओटो गोल्डश्मिट ह्यांच्याशी लग्न केले. ते पियानोवादक, मेंडेल्सोन ह्यांचे विद्यार्थी, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, हॅम्बुर्गच्या ज्यू कुटुंबातले आणि ख्रिस्ती झालेले. लोक कुजबुजले, पण संसार चांगला झाला. तीन मुले झाली. काही वर्षे ड्रेस्डेनला काढून १८५८ साली कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. नॉर्विचला तिच्या मैफलींच्या पैशातून आजारी मुलांसाठी इस्पितळ १८५४ सालीच उघडले होते.

आता आपल्या गायकवृंदाने विशेष लक्ष द्यावे असा भाग. १८७५ साली लंडनमध्ये बाखचे संगीत गाण्यासाठी एक हौशी गायकवृंद उभा राहिला, ओटो त्याचे संचालक. २६ एप्रिल १८७६ रोजी त्यांनी बाखची बी मायनरमधली मिस्सा इंग्लंडमध्ये प्रथमच संपूर्ण सादर केली. बाख लुथरन, पण ही मिस्सा आपल्याच लॅटिन शब्दांत आहे, ‘किरिये’पासून ‘आन्युस देई’पर्यंत. ती प्रचंड अवघड आहे. ह्या हौशी बायकांना तयार कोणी केले? जेनीने. आणि मैफलीच्या दिवशी ती पुढे एकटी उभी राहून गायली नाही. सोप्रानो गटातल्या इतर बायकांबरोबर त्यांच्यातलीच एक होऊन गायली. जिच्या एका तिकिटासाठी लिलाव झाले होते, ती ५५ व्या वर्षी रांगेत उभी होती. आपल्याकडे एकेरी कडवे कोणाला मिळाले ह्यावरून जे रुसवेफुगवे होतात ते कोणाचे, हे आम्ही लिहीत नाही.

१८८३ साली लंडनला राजेशाही संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि जेनी तेथे गायनाची प्राध्यापक झाली. तीन वर्षे तिने शिकवले. ती कडक होती, मुली तिला घाबरत. पॅरिसला जे स्वतः गिळले तेच ती देत होती : आधी श्वास, मग संथ स्वरमालिका, मग शब्दांचा स्वच्छ उच्चार, आणि घाईने मोठे गाणे हातात नाही. तिच्या पद्धतीचा अभ्यास करून रॉकस्ट्रो ह्या संगीत अभ्यासकाने १८९४ साली पुस्तक लिहिले. त्यात तिने गाण्यांत घातलेल्या ताना स्वरलिपीत उतरवल्या आहेत, त्या पतीने जपून ठेवल्या होत्या. तिचा आवाज मात्र कोठेही मुद्रित झालेला उरलेला नाही. एडिसनचे यंत्र १८७७ चे, पण तिचे गाणे त्यावर सापडत नाही.

जाहीरपणे ती शेवटची गायली ती जुलै १८८३ मध्ये, मॉल्व्हर्न गावी, रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मदतनिधीसाठी. त्याच डोंगराळ भागातल्या आपल्या घरी २ नोव्हेंबर १८८७ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती वारली. दफनाच्या वेळी शोपँ ह्यांची शोकधून वाजवली गेली. मॉल्व्हर्नच्या दफनभूमीत तिची कबर आहे.

१८९४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत, संगीतकार हँडेल ह्यांच्या पुतळ्याखाली, तिची स्मृतिशिला बसवण्यात आली. तिच्यावर कोरलेले शब्द हँडेल ह्यांच्या ‘मसीहा’तल्या तिसऱ्या भागाच्या आरंभीचे आहेत. सोप्रानो आवाज ते एकट्याने गातो, आणि जेनीने ते कितीतरी वेळा गायले होते. मूळ शब्द ईयोबाच्या ग्रंथातल्या १९ व्या अध्यायातले आहेत. आपण मृतांसाठी जी मिस्सा करतो, तिच्या वाचनांसाठी दिलेल्या उताऱ्यांतही तोच उतारा आहे.